मातृदिनाची भक्ती आणि आईचा मान: मंडळीने नेमकं काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नंदुरबारकडच्या एका ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ मे महिन्यातली मातृदिनाची भक्ती ठरवतो आहे. दरवर्षी सगळ्या आया उभ्या राहतात, गुलाब वाटले जातात, केक कापला जातो, संडे स्कूलची मुलं गाणं म्हणतात. यंदा एक वडीलजन म्हणाले, हा विलायती दिवस आपल्या भक्तीत कशाला? शिवाय मागच्या वर्षी गुलाब वाटायला सुरुवात होताच एक बहीण उठून बाहेर गेली आणि आशीर्वचनापर्यंत परत आली नाही. तर दिवस पाळावा का, पाळला तर कसा, आणि घरी गेल्यावर त्याचं पुढे काय?

वडीलजनांची शंका रास्त आहे, तिला सरळ उत्तर द्या. मे महिन्याचा दुसरा रविवार पवित्र शास्त्रात नाही. तो अमेरिकेतून आला. अ‍ॅन रीव्हज जार्विस नावाच्या बाईंनी तिकडे आयांची मंडळं काढली होती. त्यांची स्वतःची बहुतेक मुलं लहानपणीच दगावली होती, म्हणून ही मंडळं घरोघरची स्वच्छता आणि आजारी आयांची मदत हे काम करत. त्या वारल्यावर त्यांची मुलगी अ‍ॅना हिने १० मे १९०८ रोजी ग्राफ्टन गावच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये आयांसाठी भक्ती ठेवली आणि आईच्या आवडीची ५०० पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो दिवस देशभर जाहीर केला. पुढे फुलं आणि भेटकार्डं विकणाऱ्यांनी तो ताब्यात घेतला तेव्हा हीच अ‍ॅना त्यांच्याविरुद्ध आयुष्यभर भांडली. इंग्लंडातली रीत याहून जुनी. तिथे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी दुसऱ्यांच्या घरी कामाला असलेल्या पोरींना आईकडे जायला सुट्टी मिळे. आपल्या खान्देशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक माहेरी येते, त्याच्याशी हे किती जुळतं ते पाहा. म्हणजे तारीख माणसांनी ठरवलेली आहे, ती मागेपुढे करता येते. आज्ञा मात्र देवाची आहे आणि ती वर्षातले सगळे दिवस लागू असते. मे महिन्यात तुमची निम्मी कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीवर अडकलेली असतील, किंवा त्याच रविवारी गावात तीन लग्नं असतील, तर भक्ती जूनच्या पहिल्या रविवारी ठेवा.

आता आज्ञेकडे या, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. निर्गम २०:१२ मध्ये आपल्या आईबापाचा मान राख असं म्हटलं आहे. दहा आज्ञांत आपल्या क्रमाने ती पाचवी, कॅथलिक बांधवांच्या क्रमाने चौथी. ‘मान राख’ यासाठी जो हिब्रू शब्द आहे, त्याच्या मुळाशी जडपणा, वजन असा अर्थ आहे. आईचा मान राखायचा म्हणजे घरात तिला वजन द्यायचं. आपणही मराठीत म्हणतोच, की त्या माणसाच्या शब्दाला वजन आहे. लेवीय १९:३ मध्ये तर क्रम बदलून आईचं नाव बापाच्या आधी घेतलं आहे.

आणि मान म्हणजे नेमकं काय, हे प्रभू येशूने मार्क ७:९-१३ मध्ये इतकं उघड सांगितलं आहे, की मातृदिनाच्या संदेशात तो उतारा नसतो याचं वाईट वाटतं. परूशी, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहूदी पंथाच्या लोकांनी, पळवाट काढली होती. आईबापाला ज्यातून मदत करायची ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून टाकलं की मुलगा मोकळा. येशूने याला देवाचं वचन रद्द करणं म्हटलं. त्याच्या लेखी आज्ञेतला मान पैशात, धान्यात, सांभाळात मोजता येतो. वधस्तंभावरही त्याने तेच केलं. योहान १९:२६-२७ वाचा. त्या यातनेत त्याने आईला राहायला घर पाहून दिलं. पौलानेही १ तीमथ्य ५:४ मध्ये विधवेच्या मुलानातवंडांना हेच सांगितलं, की आधी आपल्या घरच्यांची परतफेड करायला शिका. या एका मुद्द्यावर तुमची भक्ती बांधा. गुलाब द्या, त्याला हरकत नाही, पण ज्या घरात आईच्या गोळ्या पंधरा दिवसांपासून संपल्या आहेत तिथे गुलाब हा कुर्बानच होतो.

त्या बहिणीबद्दल. १ शमुवेलचा पहिला अध्याय तुमच्याच प्रसंगाचा आहे. शिलो इथे वर्षाच्या यज्ञाला एलकाना आपल्या बायकांना आणि मुलांना वाटे देतो. वाट्यांच्या संख्येतच कोणाला मुलं आहेत आणि कोणाला नाहीत ते सगळ्यांना दिसतं, सवत पनिन्ना टोचून बोलते आणि हन्ना रडते, जेवत नाही. हे देवाच्या घरी, भक्तीच्या दिवशी, वाटप चालू असताना घडतं. “आया उभ्या राहा” म्हणताच बसून राहिलेली बाई सगळ्यांना दिसते. तिला मूल नसेल, किंवा मूल जाऊन दोनच महिने झाले असतील, किंवा तीन वेळा दिवस जाऊन राहिले नसतील आणि ते फक्त तिला आणि नवऱ्याला ठाऊक असेल. म्हणून कोणालाही उभं करू नका. सर्वांत जास्त मुलांची आई, सर्वांत तरुण आई, असली बक्षिसंही नकोत. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून “ज्यांना मूल नाही त्यांच्यासाठी विशेष प्रार्थना” करतात. त्याने बोट उलट अधिक नेमकं रोखलं जातं. मध्यस्थीच्या प्रार्थनेतच ओळीने सगळ्यांना घ्या: ज्यांच्या कडेवर बाळ आहे, ज्यांचं बाळ प्रभूकडे आहे, ज्या वाट पाहत आहेत, ज्यांनी दुसऱ्यांची मुलं वाढवली, ज्यांची आई या वर्षी गेली, आणि ज्यांच्या आईकडून त्यांना दुःखच मिळालं. फूल द्यायचंच असेल तर भक्ती संपल्यावर दारात, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईच्या आणि मोठ्या मुलीच्या हातात द्या. विचारपूस न करता. रोमकरांस १६:१३ मध्ये पौल रूफसाच्या आईला ‘ती माझीही आई’ म्हणतो. मंडळीतली कितीतरी आईपणं अशी जन्मदाखल्याबाहेरची असतात.

भक्तीची वेळ खान्देशच्या उन्हाकडे पाहून ठरवा. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या प्रार्थनाघरात दहानंतर म्हाताऱ्या बायांना बसवत नाही. सकाळी ८ ला सुरू करा, ९:३० ला आशीर्वचन. शंभर माणसांना २० लिटरचे किमान पाच जार पाणी लागतं, आणि ते आत, बसल्या जागी फिरवायला दोन मुलं लागतात, कारण बाया उठून पाण्याला जात नाहीत. पहिलं गीत, मग दोन वाचनं (मार्क ७ आणि नीतिसूत्रे ३१), संदेश वीस मिनिटांचा, मध्यस्थी, दानार्पण. लहान मुलांचं गाणं एकच. महिला मंडळाला त्या दिवशी कार्यक्रम बसवायला सांगू नका. ही चूक जवळपास सगळीकडे होते. ज्यांचा मान करायचा त्याच आदल्या रात्री पताका लावतात आणि सकाळी चारला उठून उपमा करतात.

जेवण ठेवणार असाल तर पुरुषांनी करावं, आणि वरण-बट्टी करावी. कारण साधं आहे. भाकरी थापायला हात बसलेला लागतो, बट्टीला लागत नाही. शंभर माणसांना (त्यात तीसेक मुलं धरून) गव्हाचं जाडसर दळलेलं पीठ १४ किलो, मक्याचं पीठ २ किलो, मोहनाला तेल दीड लिटर, ओवा १०० ग्रॅम, थोडी हळद, आणि मीठ पाव किलोच्या आसपास. तूरडाळ ६ किलो, वांगी १२ किलो. पीठ घट्टच भिजवा. सैल झालं की तळताना बट्टी तेल पिते. गोळे मुठीएवढे, त्याहून मोठे नकोत, मोठे केले की मधे कच्चे राहतात. आधी उकडून घ्या, एक कापून बघा, मधोमध ओलं पीठ दिसलं तर आणखी दहा मिनिटं. मग कापून तळा. साडेदहाला पंगत बसवायची तर पहाटे पाचला चूल पेटलेली हवी. आणि भांड्यांचं आधी ठरवा. पुरुष हौसेने रांधतात, वाढतात, फोटो काढतात, आणि बारा वाजता दोन मोठी पातेली, काळी कढई आणि ऐंशी ताटं बायांसाठी उरतात. भांडी घासणाऱ्या सहा जणांची नावं आठवडाभर आधी फलकावर लिहा. ही नावं मिळत नसतील तर जेवण ठेवू नका, पाणी आणि सरबत पुरे.

संदेशात नीतिसूत्रे ३१ येणारच. तो उतारा फार चुकीचा वापरला जातो. “अशी सद्गुणी स्त्री व्हा” म्हणून बायांसमोर यादी वाचली जाते आणि समोर बसलेली प्रत्येक आई मनात आपले गुण मोजत खाली मान घालते. अध्यायाचं पहिलं वचन आधी वाचा. लमुएल राजाला त्याच्या आईने जे शिकवलं ते हे वचन आहे. म्हणजे एक आई आपल्या मुलाला डोळे उघडून बघायला शिकवते आहे. हा धडा पुरुषांचा आहे. १० व्या वचनापासूनच्या २२ ओळी हिब्रूच्या २२ अक्षरांनी क्रमाने सुरू होतात, आपल्याकडे क-ख-ग ने ओळी सुरू कराव्यात तशा, मुलाच्या तोंडी बसावं म्हणून. आता तीन वचनं बारकाईने बघा. १५ व्या वचनात तिच्या हाताखाली दासी आहेत. ज्या बाईची आपण उपमा देतो तिला मदतीला माणसं होती, आणि आपण तीच यादी एकटीने विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बाईला लावतो. १६ व्या वचनात ती शेत पाहून विकत घेते, म्हणजे व्यवहार तिच्या हातात आहे. आणि शेवटच्या, ३१ व्या वचनात, तिच्या हातच्या कामाचं फळ तिला द्या, वेशीत तिची प्रशंसा होवो, असं आहे. वेस म्हणजे जिथे गावची पंचमंडळी बसते ती जागा. तुमच्या मंडळीच्या कमिटीत किती बाया आहेत, हा प्रश्न त्या वचनातून आपोआप निघतो. तो टाळू नका.

घरी काय करायचं, यासाठी संडे स्कूलमधून एक काम द्या. मातृदिनाच्या आधीच्या आठवड्यात मुलांनी एक दिवस वही घेऊन आईच्या मागे राहायचं आणि ती उठल्यापासून झोपेपर्यंत काय करते ते वेळ घालून लिहायचं. सल्ला देऊ नका, फक्त लिहायला सांगा. पहाटे ४:४० पाण्याचा नंबर, ५:१५ चूल, ५:३० भाकरी... असं पान भरतं. कित्येक घरांत बापालाही ते पान वाचून नवल वाटतं. मग रविवारी रात्री घरातल्या प्रत्येकाने त्यातलं एक काम उचलायचं, चाळीस दिवसांसाठी.

काम निवडताना मुलं हमखास चुकतात. “मी चहा करीन” म्हणतात. त्यात आईचं काम वाढतं, कारण गाळणी, पातेलं, सांडलेली साखर तिलाच आवरावी लागते. ज्या कामाला ठरलेली वेळ आहे आणि जे राहिलं तर लगेच दिसतं, तेच निवडा. रात्रीची भांडी, दळण आणणं, धुणं वाळत घालून घडी करून ठेवणं. मे महिन्यात खान्देशातल्या कित्येक गावांत नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथे पाणी भरणं हे थोरल्या मुलाचं काम. आणि काम म्हणजे पूर्ण काम. भांडी घासणं म्हणजे खरकटं गोळा करून टाकणं, तव्याची खालची बाजू, कढईचा कान, घासून झाल्यावर ओटा पुसणं आणि फडकं पिळून वाळत टाकणं. ताटं-वाट्या चकचकीत आणि कढई पाण्यात भिजत ठेवलेली, हे अर्धं काम होय. सकाळी आईलाच ती कढई घासावी लागते. दुसरी अडचण आयांची असते. पहिल्या आठवड्यात त्या “राहू दे, मी करते” म्हणतात, कारण मुलगा हळू करतो. तेव्हा बापाने मधे पडून त्यांना बसवायचं. तीन आठवड्यांत हात बसतो.

म्हाताऱ्या आईचा विषय वेगळा आणि जास्त जड आहे. तीन मुलगे असतील तर ‘चार-चार महिने’ आईला फिरवतात आणि तिचं गाठोडं कधी सुटतच नाही. त्याऐवजी ती एका जागी राहील, आणि बाकीचे दोघे ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात टाकतील, असं कागदावर लिहा. भावाच्या खात्यात टाकू नका. आईला मागावं लागता कामा नये, यात अर्धा मान आला.

बाप वारल्यावर वारसनोंदीकडे लक्ष द्या. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे खबर द्यायची असते. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ प्रमाणे ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला आणि मागे मुलं असतील, तर विधवेला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश मिळतं. पण दुःखाच्या दिवसांतच आईकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो आणि सातबारावरून तिचं नाव जातं. पाळकांनी पुढच्या भेटीतच हे विचारावं. आदिवासी कुटुंबांत रूढीचा प्रश्न येतो, तिथे वकिलाचा सल्ला घ्या.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. याच कायद्यात, मुलगा मृत्युपत्र न करता वारला आणि त्याला बायको-मुलं असतील, तर त्याच्या आईला त्याच्या मिळकतीत काहीही वाटा नाही. म्हणून ज्याची आई त्याच्यावर अवलंबून आहे त्याने तरुणपणीच मृत्युपत्र करावं. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. दोन साक्षीदार लागतात आणि दोघांनीही तुमच्यासमोर सही करायची. इथे दोन चुका होतात. आईलाच साक्षीदार करतात, किंवा वडिलांना. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेला हिस्सा कायद्याने रद्द होतो. दुसरी, लग्नाआधी मृत्युपत्र करून ठेवतात. लग्न झालं की ते रद्द होतं, पुन्हा करावं लागतं.

मुलं सांभाळतच नसतील तर पाळक आणि दोन वडीलजनांनी त्यांच्या घरी जाऊन बसावं, मत्तय १८ मध्ये साक्षीदार घेऊन समजवायला सांगितलं आहे त्याप्रमाणे. तरी ऐकलं नाही तर आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याखाली आईला प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. “मुलाविरुद्ध तक्रार हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही” असं सांगून तिला थांबवू नका. आज्ञा मोडणारी ती नव्हे.

सासू आणि सून यांच्यात मुलगा अडकतो, तेव्हा दोन शब्द वेगळे ठेवा. कलस्सै ३:२० मधलं आज्ञापालन लहान मुलांना सांगितलं आहे, मान जन्मभराचा आहे. उत्पत्ति २:२४ प्रमाणे पुरुष आईबापाला सोडून बायकोशी जडून राहतो, म्हणजे नव्या घराचे निर्णय नवरा-बायकोचे. आईला ते आधी कळवायचे, तिचा सल्ला बसून ऐकायचा, नंतर बायकोच्या तोंडून निरोप पाठवायचा नाही. आणि आज्ञा बायकोच्या आईलाही लागू आहे. आखाजीला लेक घरी आली की आपल्याला आनंद होतो, मग सुनेलाही तिच्या मायकडे चार दिवस राहू द्या आणि त्या चार दिवसांत स्वयंपाक कोणी करायचा ते पुरुषांनी ठरवा. रूथ आणि नामीच्या गोष्टीत बाळ रूथला होतं, आणि शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला. सुनेने सासूला दिलेला आणि सासूने घेतलेला असा मान दुसरीकडे सापडणं कठीण.

मंडळीच्या दप्तरातही आईला जागा द्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम ठेवला आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आणि दाखल्यावर जन्मदाखल्याप्रमाणेच क्रम घ्या, म्हणजे शाळेत अडचण येणार नाही. जुन्या वह्यांत आईच्या रकान्यात नुसतं ‘बाई’ जोडलेलं पहिलं नाव असतं. यापुढे पूर्ण लिहा.

आणि विश्वासाची शिकवण. तीमथ्याचा बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता, विश्वास त्याला आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून मिळाला (२ तीमथ्य १:५). आजीसाठीचा तो ग्रीक शब्द नव्या करारात तेवढा एकदाच आला आहे. आपल्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत, जिथे आई एकटी येते आणि मुलांना घेऊन येते. तिला मोठी योजना देऊ नका. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, एक लहान उतारा, एक प्रार्थना. उतारा आईने निवडावा. तिला वाचता येत नसेल तर तिसरी-चौथीतल्या मुलाने वाचावं आणि तिने प्रार्थना करावी, अहिराणीत किंवा मावचीत, जी तिच्या तोंडी आहे त्या भाषेत. तिचे शब्द कोणी दुरुस्त करू नयेत.